यंत्र कापते, आराखडा कमावतो

बडनेरा म्हटले की प्रथम आठवते ते रेल्वे स्थानक. मुंबई–नागपूर–हावडा या मुख्य मार्गावर येथे उतरायचे आणि अमरावतीसाठी गाडी बदलायची, हा वऱ्हाडातील कित्येक पिढ्यांचा परिपाठ. रुळांच्या आधाराने या परिसरात कापसाचा व्यापार वाढला आणि त्याच्या जोडीने धान्य, किराणा व कापडाच्या पेढ्याही स्थिरावल्या. त्या पेढ्यांवरील सामान मोजकेच असे: गादी, तक्के, हिशेबाच्या वह्यांसाठी उतरत्या फळीचे बुटके मेज, कुलपाचा गल्ला आणि भिंतीतील फडताळ. मेळघाटच्या सागवानातून ते गावातील सुतारच घडवीत असे, आणि मोडले तर तोच दुरुस्तही करी.

आज त्याच बाजारपेठेत फर्निचर येते ते बहुधा खोक्यांत बंद होऊन, दूरच्या कारखान्यांतून. दुकानदार ते विकतो, ग्राहक नेतो. पाय डगमगू लागला की अडगळीत टाकतो. मधल्या नफ्यापलीकडे गावात फारसे काही उरत नाही. ज्या गावाने एकेकाळी आपले सामान आपण घडवले, ते गाव या व्यवहारात निव्वळ ग्राहक झाले आहे.

ही स्थिती थोडीफार बदलू शकेल असे एक यंत्र आता लहान शहरांच्या आवाक्यात आले आहे. त्याचे नाव सीएनसी राऊटर. प्लायवुड व काचेच्या व्यवसायातील मंडळींना ते परिचित आहे. मात्र बहुतेक ठिकाणी त्यावर देवघराची जाळी, दरवाजावरील नक्षी आणि नावाच्या पाट्या एवढेच काम निघते. स्टूल, बाक, अभ्यासाचे मेज, पुस्तकांचे कपाट अशा रोजच्या वापरातील साध्या वस्तू क्वचितच होतात. कारण सरळ आहे. जाळीची नक्षी तयार विकत मिळते. टिकाऊ स्टुलाचा आराखडा मात्र स्वतः विचार करून आखावा लागतो. यंत्र कर्ज काढून घेता येते. आराखडा शिकूनच घ्यावा लागतो. व्यापारी कुटुंबातील तरुणाने या व्यवसायाकडे वळण्यापूर्वी हा फरक नीट समजून घेणे आवश्यक आहे.

यंत्राचे मर्म

राऊटर हे सुताराच्या हाती पूर्वीपासून असलेले अवजार. वेगाने फिरणारे धारदार बिट लाकडात उतरवून खोबण पाडायची किंवा कड घडवायची, हे त्याचे काम. हेच अवजार एका मजबूत चौकटीवर बसवले, त्याला डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली नेणाऱ्या मोटारी जोडल्या आणि त्या मोटारींना संगणकाकडून आकड्यांत आज्ञा दिल्या, की सीएनसी राऊटर तयार होतो. संगणकावर काढलेली रेषा बिट लाकडावर जशीच्या तशी चालते. आठ फूट लांब व चार फूट रुंद, म्हणजे २४४० × १२२० मिलिमीटरची पूर्ण शीट मावेल असा बेड फर्निचरसाठी सोयीचा ठरतो.

आकड्यांनी यंत्र चालवण्याची कल्पना विमानाच्या व्यवसायातून आली. अमेरिकेतील जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पात्यांचे अचूक साचे बनवण्याच्या खटाटोपात होते. त्यातून सुरू झालेल्या कामाची परिणती ‘एमआयटी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या संस्थेत झाली आणि १९५२ मध्ये तेथे अंकीय नियंत्रणावर चालणारे मिलिंग यंत्र दाखवण्यात आले. त्या काळी ते मोठ्या कारखान्यांनाच परवडणारे होते. लाकूडकामासाठी स्वस्त राऊटर येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. ड्यूक विद्यापीठातील प्राध्यापक टेड हॉल यांना छंद म्हणून होड्या बांधायच्या होत्या आणि त्यासाठी प्लायवुड अचूक कापायचे होते. स्वतःच्या गरजेसाठी त्यांनी जे यंत्र उभारले, त्यातूनच ‘शॉपबॉट’ ही कंपनी जन्माला आली. गरज आधी आली आणि यंत्र नंतर, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पाबळचा धडा

महाराष्ट्रात या विद्येचा पाया एका खेड्यात घातला गेला, हे अनेकांना ठाऊक नसते. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे ‘विज्ञान आश्रम’ ही संस्था स्थापन केली. शाळा सुटलेल्या मुलांनी हातांनी काम करीत विज्ञान शिकावे आणि गावाला लागणाऱ्या वस्तू व सेवा पुरवीत त्या कामाचा हिशेबही शिकावा, ही त्यांची दृष्टी. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, अन्नप्रक्रिया अशी अनेक कामे तेथील एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात विद्यार्थ्याच्या हातून होतात.

पुढे ‘एमआयटी’चे प्राध्यापक नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ मध्ये पाबळ येथे ‘फॅब लॅब’ सुरू झाली. फॅब लॅब म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लहान-मोठ्या यंत्रांची, सर्वांना खुली असलेली कार्यशाळा. ‘एमआयटी’च्या आवाराबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये पाबळची गणना होते. आज जगभर अशा कार्यशाळांचे जाळे पसरले आहे. त्यांच्या ‘फॅब अकॅडमी’ या अभ्यासक्रमात एक आठवडा मोठ्या राऊटरसाठी राखलेला असतो आणि त्या आठवड्यात विद्यार्थ्याने स्वतः आराखडा आखून काही तरी मोठे बनवायचे असते. बहुतेक जण खुर्ची, मेज किंवा कपाट निवडतात, आणि पहिल्या प्रयत्नात खाचा सैल किंवा घट्ट झाल्या की मोजमापाचा खरा अर्थ त्यांना उमगतो.

पाबळच्या शिक्षणपद्धतीत अभियांत्रिकी रेखाटन आणि खर्चाचा अंदाज या दोन्ही गोष्टींना कौशल्याइतकेच स्थान आहे. वस्तू बनवणाऱ्या मुलाला तिचे रेखाचित्र काढता आले पाहिजे आणि तिची किंमतही सांगता आली पाहिजे. व्यापारी घरातील मुलांना यातील दुसरी गोष्ट बाळकडूतच मिळते. पहिली गोष्ट तेवढी त्यांना शिकून घ्यावी लागते. बडनेऱ्यात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. म्हणजे रेखाटन जाणणारी तरुण मंडळी आणि हिशेब जाणणारी कुटुंबे एकाच गावात आहेत. दोघांची गाठ पडणे बाकी आहे.

एका स्टुलाचा आराखडा

साधे फर्निचर म्हणजे कमी विचाराचे फर्निचर, असा समज असेल तर तो एका स्टुलानेच दूर होतो. दुकानात बसण्यासाठी १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे तीन तुकड्यांचे स्टूल करायचे आहे असे धरू. बैठकीची फळी ३०० × ३०० मिलिमीटरची. खाली एकमेकींना फुलीसारख्या छेदणाऱ्या दोन पायफळ्या; प्रत्येकीची उंची ४३२ मिलिमीटर, म्हणजे १७ इंच; तळाशी रुंदी ३४० आणि वर २४०. एका पायफळीला वरून अर्ध्यापर्यंत खाच, दुसरीला खालून अर्ध्यापर्यंत. दोन्ही एकमेकींत सरकवल्या की फुली तयार होते. पायफळ्यांच्या माथ्यावरील कुसू बैठकीच्या फळीतील खाचांत बसतात. खिळा नाही, स्क्रू नाही.

आता अडचणी सुरू होतात. पहिली जाडीची. ‘१८ मिलिमीटर’ म्हणून विकत घेतलेली शीट क्वचितच नेमकी तेवढी भरते. कधी साडेसतरा, कधी अठराला किंचित वर, आणि एकाच शीटच्या दोन कोपऱ्यांतही फरक आढळतो. खाच मात्र यंत्र आज्ञेप्रमाणे नेमकी अठरा कापते. परिणामी सांधा खडखडतो किंवा बसतच नाही. म्हणून शीट कापण्यापूर्वी व्हर्नियर कॅलिपरने चार-पाच ठिकाणी जाडी मोजावी, आणि भंगार तुकड्यावर दोन-दोन दशांश मिलिमीटरच्या फरकाने पाच-सहा खाचा कापून कोणती खाच हाताच्या दाबाने बसते ते पाहावे. दहा मिनिटांच्या या चाचणीने पूर्ण शीट वाया जाण्याचे टळते.

दुसरी अडचण कोपऱ्याची. फिरणारे बिट गोल असते; त्यामुळे खाचेचा आतला कोपरा काटकोनी न होता गोलसर राहतो आणि चौकोनी कुसू तेथे अडतो. उपाय असा, की कोपऱ्यात बिटाच्या व्यासाची छोटी गोल खाच थोडी पुढे वाढवून कापायची. तिच्या आकारावरून तिला ‘डॉगबोन’ म्हणतात. सुतार पटाशीने जो कोपरा क्षणात साफ करतो, त्यासाठी यंत्राला आराखड्यातच तरतूद करून द्यावी लागते.

तिसरी गोष्ट वेगाची. बिटाने लाकडाचा बारीक पण स्पष्ट किस काढला पाहिजे. मिनिटाला १८,००० फेरे घेणारे दोन धारांचे बिट मिनिटाला ५,४०० मिलिमीटर पुढे सरकले, तर प्रत्येक धार ०.१५ मिलिमीटरचा किस काढते. बिट त्याच फेऱ्यांवर फार हळू सरकवले तर किसाऐवजी भुकटी निघते, घर्षणाने बिट तापते, लाकूड काळे पडते आणि धार लवकर जाते. ६ मिलिमीटरच्या बिटाने १८ मिलिमीटरची शीट एका दमात न कापता तीन थरांत कापावी. आतल्या खाचा आधी आणि बाहेरची कड शेवटी, हा क्रमही मोडू नये. अन्यथा तुकडा सुटून हलतो आणि मापे बिघडतात. तुकडा जागेवर राहावा म्हणून कडेला दोन-तीन ठिकाणी थोडे लाकूड न कापता ठेवतात. ते नंतर हाताने तोडून घासायचे.

मांडणीतला नफा

व्यापाऱ्याची नजर मात्र चौथ्या गोष्टीवर आधी जाईल: एका शीटमध्ये स्टुले किती? कडेला १० मिलिमीटर आणि दोन तुकड्यांमध्ये १० मिलिमीटर जागा सोडायची आहे. पायफळी आयताकृती आहे असे धरून सगळे तुकडे सरळ ओळीत मांडले तर पायफळ्यांच्या दोन ओळींत सहा-सहा, म्हणजे १२ पायफळ्या बसतात. स्टुले सहा. पण पायफळी वर निमुळती आहे. एक सुलटी, तिच्या शेजारी एक उलटी अशी मांडली की प्रत्येक ओळीत सात बसतात आणि उरलेल्या पट्टीत बैठकीच्या सात फळ्या सहज मावतात. त्याच शीटमधून सात स्टुले.

समजा शीटची किंमत ३,००० रुपये आहे. सहा स्टुलांच्या मांडणीत एका स्टुलाला ५०० रुपयांचे प्लायवुड लागते. सातच्या मांडणीत सुमारे ४२९ रुपयांचे. शंभर स्टुलांची मागणी आली तर पहिल्या मांडणीला १७ शीटा लागतील, दुसरीला १५. वाचलेले ६,००० रुपये कोणत्याही घासाघिशीशिवाय, केवळ मांडणीतून आलेले आहेत. गल्ल्यावर बसून मालाच्या भावात दोन रुपये वाचवण्याची कला ज्या घरांना अवगत आहे, त्यांना हा हिशेब नवा वाटणार नाही. तो भाव ठरवताना करण्याऐवजी रेषा काढताना करायचा, एवढाच बदल.

मांडणी करताना एक पथ्य पाळावे लागते. प्लायवुडच्या वरच्या थराचे रेषे साधारणतः शीटच्या लांबीच्या दिशेने धावतात. वरील मांडणीत पायफळीवर ते आडवे येतात. रुंद व बुटक्या पायफळीला ते चालते, कारण प्लायवुडचे थर आलटूनपालटून आडवे-उभे चिकटवलेले असतात. कपाटाच्या लांब फळीसाठी मात्र रेषे लांबीच्या दिशेनेच हवेत. नाहीतर पुस्तकांच्या वजनाने फळी लवकर झोल खाते. जागा वाचवण्याच्या मोहात फळी आडवी लावली तर वाचलेले पैसे तक्रारीच्या रूपाने परत जातात.

आराखडा हाच माल

एकदा आराखडा सिद्ध झाला की त्याला मालाचे मूल्य येते. इटलीतील विख्यात आरेखनकार एन्झो मारी यांनी १९७४ मध्ये साध्या फळ्या व खिळ्यांपासून मेज, खुर्ची, पलंग करण्याचे आराखडे लोकांसाठी खुले केले. टपालखर्च पाठवणाऱ्याला ते मिळत. आपली वस्तू आपण घडवल्याने माणसाला चांगल्या-वाईट वस्तूची पारख येते, अशी त्यांची धारणा होती. संगणकाच्या काळात लंडनच्या ‘ओपनडेस्क’ने हीच वाट व्यापाराकडे वळवली. ग्राहक जिथे असेल तिथल्या जवळच्या कार्यशाळेला आराखड्याची फाईल पाठवायची, वस्तू तेथेच कापायची आणि आरेखनकाराला त्याचा वाटा द्यायचा. लाकूड आणि श्रम स्थानिक. प्रवास फक्त रेषांचा.

बडनेऱ्यासारख्या ठिकाणी याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. शाळेचे बाक, वाचनालयाचे कपाट, दुकानाचा काउंटर, वसतिगृहातील मेज, घरी पोथी ठेवण्याचा घडीचा आधार या वस्तूंची मागणी गावातच असते. ग्राहकाच्या भिंतीच्या मापाने कपाट दोन इंच कमी-जास्त करून देणे दूरच्या कारखान्याला परवडत नाही. आराखडा हाती असलेल्या स्थानिक कार्यशाळेला ते काही मिनिटांत जमते. स्पर्धा करायची तर ती याच बाबतीत करावी. हजारोंच्या संख्येने एकच वस्तू काढणाऱ्याशी किमतीत झुंजणे शहाणपणाचे नाही.

वऱ्हाडची हवा आणि लाकूड

वऱ्हाडचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पावसाळ्यात तेच घर दमट होते. या चढउताराची परीक्षा फर्निचरला दरवर्षी द्यावी लागते. अखंड लाकूड रुंदीच्या दिशेने फुगते व आकसते. म्हणून न सुकवलेल्या लाकडातील अचूक खाच मे महिन्यात सैल आणि ऑगस्टमध्ये घट्ट होते. प्लायवुडमध्ये हा बदल बराच कमी असतो. घरातील सर्वसाधारण वापरासाठी ‘आयएस ३०३’ आणि पाण्याशी सतत संबंध येणाऱ्या जागी ‘आयएस ७१०’ या भारतीय मानकांचे प्लायवुड निवडावे. एमडीएफ यंत्रावर लोण्यासारखे कापले जाते व रंगही छान धरते, पण फरशी पुसण्याच्या पाण्याने त्याचा पाय फुगतो. स्टूल-बाकांसाठी ते टाळलेलेच बरे.

परतवाड्याच्या आगारातील मेळघाटचे सागवान ही या भागाची जुनी ओळख. प्रत्येक वस्तू सागाची करण्याची आता ऐपतही नाही आणि गरजही नाही. परंतु जेथे हात सतत लागतो त्या मेजाच्या कडेला सागाची पट्टी लावली तर वस्तूचे आयुष्य व देखणेपण दोन्ही वाढते. मेळघाटातच, धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने वेगळी वाट दाखवली. गोल, गाठींचा बांबू राऊटरच्या स्वभावात बसत नाही. तेथे हातच लागतात. तरीही त्या केंद्राचा धडा राऊटर घेणाऱ्यालाही लागू पडतो: कच्चा माल जवळ असणे पुरेसे नसते, त्याला शोभेल असा आराखडा आणि तो घडवणारे शिकलेले हात मिळाले की त्यातून रोजगार उभा राहतो.

सांधे व पॉलिश यांविषयी एक गोष्ट जैन घरांना जिव्हाळ्याची वाटेल. जुन्या सुतारकामातील सरस हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होई आणि चपड्याचे पॉलिश लाखेच्या किड्यापासून मिळते. खाचांत घट्ट बसणाऱ्या, सुट्या होणाऱ्या सांध्यांना डिंकाची गरजच उरत नाही. पॉलिशसाठी पाण्यात मिसळणारे लॅकर किंवा विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे तेल वापरता येते. मात्र तेल लावलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

धुळीकडेही दुर्लक्ष नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगकारक घटकांत केली आहे. प्लायवुड-एमडीएफच्या चिकटद्रव्यातील फॉर्मल्डिहाइडही त्याच यादीत आहे. यंत्रासोबत धूळ ओढणारा संच, कारागिरांना मुखपट्टी, चष्मा व कानांचे संरक्षण हा खर्च ऐच्छिक मानू नये. दुकानाच्या मागच्या खोलीत, घराच्या ओसरीला लागून हे यंत्र बसवण्याचा विचार तर मनात आणूच नये.

सुताराचे काय?

या सगळ्यात सर्वांत नाजूक प्रश्न सुताराचा आहे. बारा बलुतेदारांपैकी हा एक. गावगाडा मोडला तरी त्याचा रंधा थांबला नाही. आता त्याची करवतही यंत्र घेऊन जाणार काय?

उत्तर पुन्हा त्या स्टुलातच सापडते. सात स्टुलांच्या शीटवर कापायची एकूण रेषा सुमारे ३९ मीटर भरते. तीन थरांत ११७ मीटर. वर सांगितलेल्या वेगाने बिटाला सुमारे २२ मिनिटे लागतात. परंतु कडा घासणे, कोपरे मोडणे, सांधा बसवून पाहणे, अस्तर देणे, पॉलिशचे हात फिरवणे या कामांना त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो आणि ते सगळे हातांनीच होते. कापण्याचे काम झपाट्याने उरकल्यामुळे पुढच्या कामाला अधिक हात लागतात. ज्याने केवळ यंत्राचा वेग पाहून मनुष्यबळ कमी धरले, त्याच्याकडे कापलेल्या तुकड्यांचा ढीग साचतो आणि तयार माल निघत नाही.

दुसरी गोष्ट अनुभवाची. बसलेला माणूस स्टूल ओढत सरकवतो तेव्हा सांध्यावर आडवा ताण येतो. खुर्चीवर मागे रेलणारा मुलगा मागच्या पायांवर सगळे वजन टाकतो. जुन्या घराची भिंत ओळंब्यात नसते. संगणकावरच्या चित्रात यातले काही दिसत नाही. तीस वर्षे मोडलेले फर्निचर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला ते डोळे मिटून ठाऊक असते. त्याला आराखड्याच्या टेबलाशी बसवले तर पहिल्याच नमुन्यात निम्म्या चुका टळतात. म्हणून त्याला रोजंदारीवरचा मजूर न मानता प्रत्येक सिद्ध आराखड्यात वाटेकरी मानणे न्यायाचे आहे आणि फायद्याचेही. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत एक व दोन लाखांचे कर्ज अशी तिची रचना आहे. आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला ती मिळवून देणे हेही सहकार्याचे एक पाऊल होय.

भांडवल गुंतवण्यापूर्वी

यंत्राच्या प्रदर्शनात विक्रेता राऊटर चालवून दाखवतो, अर्ध्या तासात सुंदर जाळी कापून हाती देतो, आणि घरी येईपर्यंत कर्जाचे आकडे मनात जुळू लागतात. याच वेळी थोडे थांबावे. व्यापारात जसा माल आधी नमुन्यादाखल घेतात, तसाच येथेही क्रम ठेवता येतो.

आधी रेखाटन शिकावे. ‘फ्रीकॅड’सारखी विनामूल्य संगणकप्रणाली सुरुवातीला पुरेशी आहे. पहिला नमुना पुठ्ठ्याचा, छोट्या मापात करावा. नंतर जवळपास ज्यांच्याकडे राऊटर आहे त्यांच्याकडून मजुरीवर एक शीट कापून घ्यावी आणि ती वस्तू आपल्याच दुकानात, आपल्याच नोकरांच्या रोजच्या वापरात ठेवावी. तिने एक उन्हाळा व एक पावसाळा काढला की मग ग्राहकाला दाखवावी. दोन-तीन वस्तूंची मागणी स्थिर झाली, मजुरीवर दिलेले काम वेळेवर मिळेना आणि दरमहा त्या मजुरीची रक्कम हप्त्याच्या जवळ जाऊ लागली, तर यंत्र घेण्याची वेळ आली असे समजावे.

खरेदीचा हिशेब करताना केवळ यंत्राची किंमत धरू नये. बिटे झिजतात, स्पिंडल आणि धूळ ओढणारा संच मिळून विजेचा भार मोठा होतो, वीज मध्येच गेली तर अर्धी कापलेली शीट धोक्यात येते, आणि चालवणारा सोडून गेला तर यंत्र उभे राहते. म्हणून घरातील एका तरी व्यक्तीला ते स्वतः चालवता आले पाहिजे. मुलगा की मुलगी हा प्रश्न येथे गैरलागू आहे. रेखाटन, मांडणी व खर्चाचा अंदाज ही बसून करण्याची, नजर आणि चिकाटी मागणारी कामे आहेत. अनेक घरांतील शिकलेल्या सुना-मुलींना ती उत्तम साधतील. कर्जासाठी ‘पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमा’त उत्पादन उद्योगाला ५० लाख रुपयांपर्यंतच्या प्रकल्पाची मर्यादा व प्रवर्ग आणि ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान ठरवण्यात आले आहे, चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावेत. अनुदान मिळते म्हणून यंत्र घेणे आणि यंत्राला काम आहे म्हणून अनुदान घेणे, या दोहोंतील अंतर व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

पूर्वी पेढीवर नवीन मुलाला वर्षभर केवळ माल हाताळायला आणि वह्या पाहायला बसवीत. व्यवहार त्याच्या हाती नंतर येई. या व्यवसायातही तोच शिरस्ता हितकारक ठरेल. एक व्हर्नियर, थोडा पुठ्ठा, एखाद्या अनुभवी मिस्त्रीची सोबत आणि काही महिन्यांचा धीर एवढी पहिली गुंतवणूक आहे. ती बुडाली तरी ज्ञान पदरी राहते, आणि फळाला आली तर पुढचे भांडवल कोठे व किती घालायचे हे ज्याचे त्यालाच नेमके कळते.